खाडीची ओटी

डॉ. पराग संगई हा शिंपल्यांवर डॉक्टरेट मिळवलेला आणि जन्मात एकही शिंपला तोंडात न घातलेला माणूस. अंजनगाव सुर्जीच्या जैन घरातला; संस्थेच्या सहलीत मासळीचा वास आला की हा बसच्या पुढच्या सीटवर जाऊन बसायचा. तर या संगईने एका मंगळवारी सकाळी डॉ. हेमांगी मेतरच्या टेबलावर चार छायाचित्रं मांडली आणि दबक्या आवाजात म्हणाला, "मॅडम, हसू नका. पण मला नवा प्राणी सापडलाय."

छायाचित्रं तिसऱ्यांची, म्हणजे खाडीच्या गाळात मिळणाऱ्या खाण्याच्या शिंपल्यांची होती, पन्नास पटींनी मोठी केलेली. प्रत्येक शिंपल्याच्या कडेला एकाच जागी, एकाच तिरक्या कोनात एक बारीक खाच होती.

"मोरवण खाडीच्या गाळातून काढलेल्या आठव्या गाभ्यातले आहेत हे. नऊशे बारांपैकी आठशे साठ शिंपल्यांवर ही खाच आहे. नांगीची खूण वाटते, म्हणजे खेकडाच असणार. चारशे वर्षांपूर्वी खाडीत आला, त्याच्या आधीच्या थरांत खाच नाही. आणि २०२३ नंतर एकदम गायब. तिसऱ्याही तेव्हाच संपल्या, म्हणजे खाणारा आणि खाद्य बरोबरच गेले." त्याने प्राण्यासाठी तीन नावंसुद्धा काढून ठेवली होती. त्यातल्या एकात हेमांगीचं नाव गुंफलेलं होतं.

हेमांगीने छायाचित्र हातात घेतलं. ही खाच तिने लहानपणी रोज पाहिली होती. तिसरी कच्ची उघडताना ती विळीच्या पात्यावर आडवी धरायची, बिजागरीजवळ दाबायची आणि मनगट फिरवायचं; मोरवण खाडीकाठच्या जुवेवाडीच्या, तिच्या गावच्या बायका हे गप्पा मारता मारता, विळीकडे न बघता करतात. मांस एका शिपीत ठेवायचं, दुसरी टाकून द्यायची. त्याचं कालवण म्हणजे एकशिपी. पातं पहिल्यांदा जिथे लागतं तिथे ही खाच पडते. संगईचा नवा प्राणी जुवेवाडीत राहत होता, अडुसष्ट वर्षांचा होता, त्याला मधुमेह होता आणि त्याचं नाव इंदुमती मेतर होतं. तो हेमांगीची आई होता.

"ठेवून जा, बघते," एवढंच ती म्हणाली. संगई गेल्यावर तिने दाराला आतून कडी लावली.

शिंपवाचक हे यंत्र आता प्रत्येक किनारी प्रयोगशाळेत असतं, त्यामुळे त्याचं कौतुक कुणाला राहिलेलं नाही. कल्पना मात्र साधी आणि छान आहे. तिसरी जिवंत असते तोवर भरती-ओहोटीबरोबर शिंपल्याला नवी नवी रेघ जोडत जाते. पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडं झालं की रेघा बारीक आणि गडद उमटतात, पुढे पाणी खारं होत गेलं की रुंद. यंत्र लेसरने या रेघा मोजतं, त्यांतल्या ऑक्सिजनच्या जड आणि हलक्या अणूंचं प्रमाण तपासून तेव्हाचं पाणी किती खारट, किती गरम होतं ते सांगतं, आणि एका शिंपल्याच्या रेघा त्याच्या आधीच्या शिंपल्याशी जुळवत जुळवत मागे सरकत जातं. खाडीच्या तळात लांब नळी ठोकून गाळाचा उभा गाभा काढला, की शेकडो वर्षांचे शिंपले क्रमाने हाती येतात. मग कोणत्या साली पाऊस किती होता, तिसऱ्या किती आणि दगडाला चिकटून वाढणारी कालवं किती, हे दिनदर्शिका वाचावी तसं वाचता येतं.

ही दिनदर्शिका एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती. समुद्राच्या स्वतःच्या लांब पाळ्या असतात. मोरवणसारख्या खाडीत ही पाळी साधारण साठ वर्षांची. तीस वर्षं पाऊस हात सैल सोडतो, खाडी गोडसर राहते आणि गाळात तिसऱ्या माजतात. पुढची तीस वर्षं पाऊस आखडता हात घेतो, समुद्र आत शिरतो, तिसऱ्या जातात आणि त्यांच्या जागी कालवं येतात. शिंपले बदलले की त्यांच्यावर जगणारे खेकडे बदलतात, खेकड्यांमागचे मासे, माशांमागचे पक्षी. खाडीतला सगळा संसारच हलतो आणि तीस वर्षांनी परत येतो.

सहा वर्षांपूर्वी, २०४० साली, सरकारने हेमांगीला नेमका हाच प्रश्न विचारला होता. मोरवण खाडीतल्या तिसऱ्या संपत चालल्यात, तर ही पाळी आहे की बायकांनी ओरबाडून खाडी संपवली? तिने आठ ठिकाणी गाभे काढले. सात गाभे विरळ निघाले, त्यांच्यातून धड काही कळेना. आठवा मात्र शिंपल्यांनी गच्च भरलेला. चारशे वर्षं त्यात ना चढ ना उतार, आणि २०२३ नंतर एकही शिंपला नाही. यंत्राने त्यावरून सरळ हिशेब मांडला: ही पाळी नव्हे, हा माणसाचा हात. खाडी बारा वर्षांसाठी बंद झाली. एकशे सदतीस बायकांचं काम गेलं. खाडीत काहीही टाकायला बंदी आली, मग त्या शिप्या का असेनात.

आता हा आठवा गाभा काढला कुठे होता? ओटीच्या जागी.

जुवेवाडीत वर्षभराच्या शिप्या घरामागे साठवतात. पावसाळा सरला की एका सकाळच्या ओहोटीला सगळ्या बायका त्या टोपल्यांतून खाडीत नेतात आणि ठरलेल्या जागी, हळदकुंकू वाहून, पाण्यात ओततात. खाडीने दिलं, तिला परत दिलं. यालाच खाडीची ओटी म्हणतात. २०२३च्या ओटीनंतर तिथे पूल झाला, म्हणून बायकांनी जागा बदलून पलीकडच्या काठाला नेली. म्हणजे ज्या गच्च थरांवर हेमांगीने कायदा उभा केला, ते खाडीचे नव्हतेच. ते घराघरांतून आले होते; मोरवणच्या तिसऱ्या आटत त्या वर्षांत बायका शेजारच्या खाड्यांतून आणून उघडत, त्यामुळे टोपल्यांत कधी खंड पडला नव्हता. आणि ज्या साली तिच्या मते तिसऱ्या मेल्या, त्या साली फक्त टोपल्यांनी वाट बदलली होती.

हे तिला ठाऊक नव्हतं असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण ती स्वतः वयाच्या आठव्या वर्षापासून डोक्यावर टोपली घेऊन त्या जागी गेली होती. गाभा काढण्याआधीच्या अर्जात सतरावा प्रश्न होता: या ठिकाणी मानवी टाकाऊ पदार्थ टाकले जात होते काय? संस्थेचे तेव्हाचे प्रमुख जेवणाच्या टेबलावर तिला म्हणालेही होते, "तिथे गावाचा उकिरडा वगैरे नाही ना? तू त्याच बाजूची आहेस म्हणून विचारतो." टेबलावर दहा जण होते. होय म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, तुला कसं माहीत. आणि हेमांगीने नोकरीला लागल्यापासून सगळ्यांना सांगितलं होतं की तिची आई बालवाडीत शिक्षिका आहे. उकिरडा हा शब्द तिला झोंबला आणि ती पटकन म्हणाली, "नाही सर, नैसर्गिक थर आहे." मग चाळीस घरांच्या टोपल्यांनी काय असा फरक पडणार आहे, हे तिने स्वतःलाच पटवलं. शिकलेल्या माणसाला स्वतःला पटवायला वेळ लागत नाही.

दाराला कडी लावून तिने आठवा गाभा हिशेबातून काढून टाकला आणि उरलेल्या सात गाभ्यांवर यंत्र पुन्हा चालवलं. या सहा वर्षांत यंत्र सुधारलं होतं. तेव्हा धूसर दिसणारे सात गाभे आता बोलू लागले. दुपारी तीनला उत्तर आलं. पाळी सरळ दिसत होती, तीस आणि तीस, हजार वर्षं मागेपर्यंत. पण त्यात आणखी एक गोष्ट होती, जी तिच्या ध्यानीमनी नव्हती. तिसऱ्या गेल्या आणि कालवं अजून रुजली नाहीत, असा ओसाड काळ प्रत्येक पाळीत येतो. चारशे वर्षांपूर्वी तो पंधरा-पंधरा वर्षं चालायचा. संगईच्या खाचा जिथून सुरू होतात, तिथून पुढे तो चार वर्षांवर आला होता. कालवाचं पिल्लू मऊ गाळात बुडून मरतं, त्याला चिकटायला टणक जागा लागते, आणि जुनी शिपी त्याला सगळ्यात आवडते. बायकांच्या ओटीने खाडीला तळ दिला होता. बायकांनी खाडी संपवली नव्हती, चारशे वर्षं त्यांनी तिला ओसाडीतून लवकर बाहेर काढलं होतं. आणि हेमांगीने नेमक्या ओसाडीच्या तोंडावर ओटी बंद केली होती.

लाजेने तिचे कान तापले होते, खोलीत दुसरं कुणी नव्हतं तरी.

संध्याकाळी तिने प्रमुखांना सगळं दाखवलं. डॉ. पेंढारकर हे आताचे प्रमुख, भला आणि भित्रा माणूस. त्यांनी चष्मा पुसला. "यात कुणाची चूक नाही, हेमांगी. यंत्र सुधारलं, नवी माहिती मिळाली. तसा फेरअहवाल देऊ. पुनर्विचार समिती बसेल, दोन वर्षांत बंदी उठेल. तुझ्या नावाला धक्का लागणार नाही."

"दोन वर्षांत उशीर होईल, सर. कालवाची पिल्लं या हंगामात खाडीत येतायत. आता गाळ वर चढतोय, पुढच्या वर्षी टाकलेली शिपीसुद्धा बुडेल. मग पंधरा वर्षं काही नाही."

"मग कायद्यात दुसरी वाट कुठे आहे?"

वाट होती, आणि ती दोघांनाही माहीत होती. नव्या माहितीवर फेरविचाराला दोन वर्षं. पण मूळ अहवालातली माहिती जाणूनबुजून खोटी दिली असं खुद्द अहवालकर्त्यानेच सुनावणीत लिहून दिलं, तर प्रांताधिकाऱ्याला बंदी त्याच दिवशी स्थगित करता येते. अहवालकर्त्याचं पुढे काय होतं, तेही त्याच कलमात दिलं होतं. पेंढारकर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "घाई करू नकोस. घरी बोल."

सुनावणी शुक्रवारी होती, जुवेवाडीच्या शाळेत. बंदी कायमची करायचा प्रस्ताव त्यात यायचा होता, हेमांगीच्याच अहवालाच्या आधारे. ती गुरुवारी आईकडे पोचली. सहा वर्षांत ती घरी चारदा गेली होती, एकदाही मुक्कामाला नाही, दर वेळी जाता जाता.

इंदुमती पडवीत बसून बोटांना खोबरेल चोळत होती. खाडी बंद झाल्यापासून ती तालुक्याच्या बर्फाच्या कारखान्याशेजारी कोळंबी सोलायला जायची. थंडगार पाण्यात दिवसभर हात असल्याने बोटं सुजून वाकायची नाहीत. तिने मुलीला बघितलं आणि हात पदरात घेतले.

"कधी इलंस? जेवलंस काय?"

"जेवले." हेमांगी आईशी प्रमाण मराठीत बोलायची, कधीपासून ते तिलाही आठवत नव्हतं. "आई, हात दुखतात का?"

"जरा आखडतत. च्या ठेवतंय."

हेमांगीने तिच्यामागोमाग स्वयंपाकघरात जाऊन सांगायचं ठरवलं होतं. तोंडात शब्दही आले. पण तेवढ्यात शेजारची सुलभाकाकी मागच्या दाराने आली, आणि हेमांगीला बघून दारातच थबकली. पूर्वी ही बाई हेमांगीच्या वेण्या घालायची. आता ती इंदुमतीकडे बघून म्हणाली, "उद्या शाळेत जातलंस मा गो? आमी सगळ्यो जातलो. कायमचा बंद करतत म्हणे." हेमांगीशी ती एक शब्द बोलली नाही. वाईटही बोलली नाही. ती गेल्यावर इंदुमतीने चहात साखर घातली, नको तेवढी, आणि म्हणाली, "तिचो राग मनात घेव नको. तिची सून मुंबैक गेली कामाक, दोन पोरां हिच्याच गळ्यात."

"तुला कुणी काही बोलतं का? माझ्यावरून?"

"नाय." इंदुमतीने कप पुढे केला. "माझ्यासमोर कोण कित्या बोलात? मी इलंय की गप होतत."

एवढं ऐकल्यावर हेमांगीला सांगवेना. आईजवळ खासगीत बोलून मोकळं व्हायचं आणि उद्या शाळेत नवी माहिती, सुधारलेलं यंत्र असं काहीतरी वाचून दाखवायचं, हा मोह तिला झाला होता हे तिचं तिला कळलं, आणि त्या मोहाचीही तिला लाज वाटली.

शुक्रवारी शाळेच्या खोलीत बाकं कमी पडली. बायका खाली बसल्या, इंदुमती मागच्या भिंतीला टेकून. प्रांत शबाना तांबोळी या तरुण आणि काटेकोर बाई, त्यांनी प्रस्ताव वाचला, मग म्हणाल्या, "अहवालकर्त्या आल्या आहेत. त्यांना काही भर घालायची आहे का?"

हेमांगी उठली. तिच्या हातात दोन कागद होते. एक पेंढारकरांनी पाठवलेला, नव्या माहितीचा, सुबक. दुसरा तिने स्वतः लिहिलेला, अर्ध्या पानाचा. तिने अर्ध्या पानाचा टेबलावर ठेवला.

तांबोळींनी तो वाचला, पुन्हा वाचला. "सतराव्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही नाही असं दिलं. ते चुकीचं होतं?"

"खोटं होतं."

"शिप्या टाकतात हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं? कशावरून?"

"मी स्वतः टाकल्यात. पंधरा वर्षं. टोपली डोक्यावर घेऊन."

तांबोळींनी लेखनिकाला थांबायची खूण केली. "मॅडम, हे नोंदवलं की तुमच्यावर कारवाई होईल. कलम तुम्हाला माहीत आहे. मला कारणही लिहावं लागेल. खोटं का दिलंत?"

हेमांगीने उत्तर ठरवून आणलं होतं. वैज्ञानिक निष्काळजीपणा असे दोन शब्द होते त्यात. ते तिच्या तोंडून निघेनात. "लाज वाटली," ती म्हणाली.

"कशाची?"

हेमांगीने मागच्या भिंतीकडे बघितलं. "आईची. ती तिसऱ्या काढून दारोदार विकायची. मी संस्थेत सांगितलं होतं की ती बालवाडीत शिकवते. शिप्यांचं सांगितलं असतं तर ते उघड झालं असतं." मग ती बायकांकडे वळली. खूप वर्षांनी तिची जीभ आपोआप घरच्या बोलीवर आली. "खाडी तुमी नाय संपयलास. तुमी ती राखलास. माका सगळा म्हायत आसान पण माझ्यामुळे ती बंद झाली. माझी चूक आसा."

सहा वर्षं ज्यांनी कोळंबी सोलली, ज्यांच्या सुना मुंबईला गेल्या, त्या बायका तिच्याकडे बघत राहिल्या. कुणी शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. सुलभाकाकी तिच्याकडे न बघता प्रांतांना म्हणाली, "मगे बाय, शिप्यो कधीपासून टाकूच्यो?"

"स्थगितीवर आज सही करते. आजपासून टाका."

"घरामागे पडलेल्यो आसत, बंदीआदीच्यो, सहा वर्सां तशेच. तेवढ्यो पुरतीत?" हा प्रश्न हेमांगीला होता. तिने हो म्हटलं. कालवं धरली तर तीन वर्षांत काढण्याजोगी होतील, तिसऱ्या मात्र तीस वर्षांनी, असंही सांगितलं. सुलभाकाकीने मान हलवली आणि ती उठली, तिच्यामागे सगळ्या उठल्या. ओहोटी दीड तासावर आली होती.

खोलीत इंदुमती तेवढी बसून राहिली. हेमांगी तिच्यापाशी जाऊन जमिनीवर बसली.

"आये, तुका आज कळला," ती म्हणाली. "सगळ्यांच्या म्होरे. तुका मी आधी सांगूक व्हया होता."

"माका म्हायत होता."

"काय म्हायत होता?"

"बालवाडीचा." इंदुमती समोरच्या रिकाम्या फळ्याकडे बघत होती. "तुझ्या लग्नात तुझ्या हापिसातल्यो दोन बायका माझ्याजवळ येवन बसल्यो. म्हणाल्यो, आई, तुमच्या बालवाडीत मुलं किती? मी इचार केलंय, पोरीन कायतरी सांगितलेला दिसता. आता नाय म्हटला तर तिचा तोंड उतरतला. हात पदराखाली लपयलंय आनि सांगलंय, बावीस."

हेमांगी तिच्याकडे वळली. "आये."

"तेंका खरां वाटूक व्हया म्हणान नावां पण सांगलंय. एकेकाची. कोण हुशार, कोण रडता, तां पण. त्यो हसत होत्यो, बरी माणसां." ती उठायला लागली, गुडघ्यावर हात ठेवून. हेमांगीने हात पुढे केला. आईने तो धरला, तिची सुजलेली बोटं हेमांगीच्या हातात नीट मिटेनात.

"बावीस नावां तुका खयसून सुचली गो?"

"माका खयसून सुचतली? सुलभा, मंदा, शालन, गुलाब," इंदुमती म्हणाली, "ज्यो माझ्यावांगडा खाडीत उतरत होत्यो, तेंचीच सांगलंय."

बाहेर बायका टोपल्या आणायला घराघरांत पांगल्या होत्या. इंदुमतीने मुलीचा हात सोडला आणि चपला घालून ती त्यांच्यामागे निघाली. हेमांगी शाळेच्या दारात उभी राहिली. आपण मागोमाग जावं की नाही, हे तिला कुणाला विचारताही येईना.